उंबऱ्याच्या वरचा रस्ता

८ जुलै

प्रिय अक्का,

नमस्कार. वाकून करायचा तो मनातल्या मनातच केला आहे, कारण गुडघा सध्या माझं ऐकत नाही. तुझं कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं का? येईपर्यंत पत्रच बरं. आपण फोनवर बोललो की तुझ्याकडच्या अख्ख्या बिल्डिंगला माझी बातमी कळते आणि तुला मात्र त्यातलं अक्षरही कळत नाही.

मी सुखरूप पोचले एवढं तुला कळवलं होतं, पुढचं कळवलं नव्हतं. आता सांगते. त्या दिवशी स्टेशनवरून घरी आले, गाडीतून उतरले, आणि मला वाटलं ड्रायव्हरने चुकीच्या गल्लीत सोडलं. घर माझंच होतं, पण बुटकं झालेलं. आपण पूर्वी फाटकातून दोन पायऱ्या चढून ओट्यावर जायचो ना? त्यातली एक पायरी मागच्या डांबरीकरणात गेलीच होती. मी तुझ्याकडे आराम करत होते तेवढ्यात नवा रस्ता झाला आणि दुसरीही गेली. आता मी घरात चढत नाही, उतरते. रस्ता उंबऱ्याच्या वर गेला आहे. बैठकीत बसलं की खिडकीतून माणसांची नुसती पावलं दिसतात. कोणाच्या चपला झिजल्यात हे मला सगळ्या गल्लीचं पाठ झालं आहे.

पाऊस आला की पुढचं काय ते तूच ओळख. गटार रस्त्यापलीकडे, आम्ही रस्त्याखाली. सगळं पाणी पाहुण्यासारखं सरळ बैठकीत. माझं एकवेळ चालेल गं, मी खाट भिंतीला लावते, पुसून काढते. पण शेजारचे पीटीचे मास्तर, त्यांच्या बायकोला पक्षाघात झाल्यापासून ती पलंगावरच आहे. मास्तरांनी पलंगाच्या पायांखाली विटा घातल्या आहेत. त्या माउलीला खाली पाणी दिसतं आणि उठता येत नाही. मी जाऊन तिचा हात धरून बसले तर ती माझी बोटं सोडेना. इतकी वर्षं नर्स म्हणून हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली अक्का, भीती कशी असते ते मला चांगलं कळतं.

म्हणून वॉर्ड ऑफिसात गेले. तिथला बाबू म्हणाला, "रस्ता उंच झालेला नाही, बाई. तुमचं घर खचलं असेल."

मी म्हटलं, "डाव्या हाताची सगळीच्या सगळी घरं एकदम खचली?"

"जमिनीचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि चहा प्यायला उठून गेला.

तेव्हा मी गवंड्याला बोलावून फाटकाबाहेर विटांचा बुटका बांध घालून घेतला. मास्तरांच्या दारापर्यंत नेला. पाणी अडलं की! पण समोरचा दातांचा डॉक्टर आहे ना, तो रस्ता वर आल्यावर भलताच खूश आहे. त्याचा दवाखाना उंचावर, आता गाडी थेट दारात लागते. त्याला माझा बांध खुपला. म्हणे गाडी वळवायला अडचण होते. त्याने तक्रार केली, आणि माझ्या तक्रारीला उत्तर न देणाऱ्या नगरपालिकेने त्याच्या तक्रारीवर मला नोटीस धाडली. बांध हे सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण आहे, स्वतः काढा, नाहीतर आम्ही काढू. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

ठेकेदार कोण, असं विचारशील. आहे कोणीतरी. सगळे एकाच माळेचे मणी.

तुझी औषधं वेळेवर घे. रक्तदाबाची गोळी सकाळचीच, आठवण झाली तेव्हाची नव्हे.

तुझी,
धाकटी


२ ऑगस्ट

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं. पाय सुजतात म्हणतेस, तर उशीवर ठेवून झोप आणि मीठ कमी कर. लेकीला सांग, मावशीने सांगितलं आहे. तुझी लेक माझं ऐकते, तुझं ऐकत नाही.

आता तुझ्या रागाकडे येते. "पोटचा मुलगा ठेकेदार असताना तू वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवतेस? ढब्बूला सांग, तो एका फोनवर काम करून देईल," असं तू लिहिलं आहेस. आणि शेवटी पुन्हा तेच, मोठ्या अक्षरात.

ढब्बू बरा आहे. वजन वाढलं आहे, लहानपणीचं नाव सार्थ करतो आहे. सून भेटून गेली. नातीचा पुढचा दात पडला, ती आता बोलताना शिट्टी वाजवते. ढब्बूला हल्ली वेळ नसतो. आणि या कामात त्याला घालायचं नाही असं मी ठरवलं आहे. का, ते विचारू नकोस.

मी वकील केला आहे. केला म्हणजे काय, घरबसल्या सापडली. मास्तरांच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते, नुकतीच वकिली करायला लागली आहे. तिची स्कूटर आमच्या तळ्यात बुडाली, तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी राहून जे काही बोलली ते कायद्याच्या पुस्तकात नसावं. मी खिडकीतून म्हटलं, "हेच जरा सभ्य भाषेत लिहून देशील का?" तशी हसली आणि आत येऊन बसली. फार भरभर बोलते. पण ऐकूनही घेते, हे विशेष.

तिने मला नीट समजावलं. जुन्या रस्त्यावर नुसतं डांबर ओतायचं नसतं. आधी जुना थर खरवडून काढायचा, मग तेवढ्याच जाडीचा नवा घालायचा, म्हणजे रस्ता होता त्याच उंचीवर राहतो. नगरपालिकेचाच नियम आहे. ठेकेदाराने कागदावर जुना थर खरवडल्याचं दाखवलं आहे, आणि खरवडलेला दिसत तर नाही. तेव्हा आम्ही दोन गोष्टी मागितल्या आहेत: माझ्यावरची नोटीस रद्द करा, आणि रस्ता खाली घ्या. वरच्या अधिकाऱ्याकडे अपील केलं आहे. सुनावणी होईल.

सह्या गोळा करायला मी घरोघर गेले. निम्म्यांनी दिल्या. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने पेन हातात घेतलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सही मागताय? तुम्ही?" तिने सही दिली नाही. ती असं का म्हणाली ते सोड. तिची काही चूक नाही.

मास्तर खचले आहेत. घर विकून बायकोला एखाद्या आश्रमात ठेवायचं त्यांच्या डोक्यात घोळतं आहे. आयुष्यभर पोरांना मैदानात पळवलं, आणि आता बसल्या जागेवरून उठायला त्यांना कारण लागतं. मी त्यांना म्हटलं, "मास्तर, निकाल लागेपर्यंत विटा काढायच्या नाहीत आणि घरही विकायचं नाही." ते म्हणाले, "आणि हरलो तर?" मी म्हटलं, "मी हरायला अपील केलेलं नाही." म्हणायला म्हटलं. घरी आले आणि देवापुढे न बसता नुसतीच खुर्चीत बसून राहिले.

अक्का, तू ढब्बूला यातलं काही लिहू नकोस. माझी शपथ आहे.

तुझी,
धाकटी


१९ सप्टेंबर

प्रिय अक्का,

आधी खाली बस. लेकीला पाणी आणायला सांग आणि मग वाच.

आम्ही जिंकलो. काल हुकूम हातात आला. माझी नोटीस रद्द. डाव्या हाताच्या पहिल्या घरापासून चौकापर्यंत रस्ता खरवडून मूळच्या उंचीवर आणायचा, आणि ते काम त्याच ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायचं.

तो ठेकेदार म्हणजे आपला ढब्बू.

लिहिलं एकदाचं. आता जे सांगायचं राहिलं ते पहिल्यापासून सांगते. तुझ्याकडून आले त्याच दिवशी आवराआवर करणाऱ्या कामगारांना विचारलं, काम कोणाचं? त्यांनी मोठ्या अभिमानाने माझ्याच मुलाचं नाव सांगितलं, वर म्हणाले, "साहेबांच्या आईची गल्ली आहे, म्हणून चांगला जाड थर दिलाय." मी हसावं की रडावं?

पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हा त्याला बोलावून घेतलं. तो बूट हातात घेऊन आत आला. म्हणाला, "आई, जुना थर खरवडायचा म्हणजे मशीन आणा, माल उचला, तो टाकायचा कुठे? सगळे वरूनच ओततात. साहेब लोकांना माहीत असतं."

"सगळे करतात ते मला सांगू नकोस. तू काय केलंस ते सांग."

"तुझ्या घराला पंप बसवतो. पाणी आलं की आपोआप चालू होणारा. उद्याच बसवतो. नाहीतर आमच्याकडे राहायला ये, किती वर्षं सांगतोय."

"आणि मास्तरीणबाईंना कुठे नेतोस?"

त्याने बूट या हातातून त्या हातात घेतले. मग म्हणाला, "सगळ्या गल्लीचा मक्ता मी घेतलेला नाही, आई."

"घेतलास की. तोच तर घेतलास."

तेव्हा तो चिडला. त्याची मान लाल होते, तुला माहीत आहे. म्हणाला, "मग जा, कर केस स्वतःच्या पोरावर." मी म्हटलं, "बरं." त्याला वाटलं मी रागाने बोलते आहे. मी रागाने बोलत नव्हते, अक्का. राग असता तर दोन दिवसांत उतरला असता.

तुला का नाही सांगितलं? तो लहान असताना माझ्या रात्रपाळ्या असायच्या आणि तो तुझ्या कुशीत झोपायचा. ताप आला की "मावशी" म्हणून ओरडायचा, "आई" म्हणून नाही. तू एका ओळीत "मागे घे" असं लिहिलं असतंस तर मी मागे घेतलं असतं. तुझ्या शब्दापुढे माझं कधी काही चाललं आहे? म्हणून निकाल लागेपर्यंत तोंडाला कुलूप लावलं. शिंपीण तरी दुसरं काय म्हणणार? आई मुलाविरुद्ध सह्या मागत फिरते, तिला वाटलं यात काहीतरी काळंबेरं आहे.

आता सुनावणीचं ऐक. नगरपालिकेच्या त्या खोलीत पंखा होता पण फिरत नव्हता. अधिकारी बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला मी, माझी वकीलीण आणि मास्तर. दुसऱ्या बाजूला अभियंता, नगरपालिकेचे वकील, दातांचा डॉक्टर, आणि शेवटच्या खुर्चीत ढब्बू. पांढरा इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे बघत नव्हता. मीही बघणार नव्हते, पण कॉलर एका बाजूने आत दुमडलेली दिसलीच.

आमच्या वकील मुलीने झरझर सगळं मांडलं. मग नगरपालिकेचे वकील उठले. त्यांनी रस्त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "बाईसाहेब, ही तक्रार रस्त्याची नाहीच. अर्जदार या ठेकेदाराच्या सख्ख्या आई आहेत. घरातलं भांडण या कचेरीत आणलेलं आहे. मुला-सुनेशी पटत नाही, एवढाच विषय."

आमच्या मुलीने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिलाही मी हे सांगितलं नव्हतं, आणि तिथे माझी खरी चूक झाली. वकिलापासून आणि डॉक्टरपासून काही लपवू नये, हे मी जन्मभर पेशंटना सांगत आले.

अधिकारी बाईंनी चष्मा वर केला. "हे खरं आहे?"

मी उभी राहिले. गुडघा करकरला, पण उभी राहिले. म्हटलं, "हो. मुलगा माझा आहे. सुनेशी माझं उत्तम पटतं, ती आज सकाळी मला इथवर सोडून गेली. मुलाशीही भांडण नाही. तो मला पंप द्यायला तयार होता. माझ्या एकटीच्या घराचा प्रश्न असता तर मी तो पंप घेतला असता आणि आज घरी झोपले असते. पण शेजारी एक बाई पलंगावर पडून पाणी चढताना बघते. तिला मी काय सांगू, की रस्ता माझ्या मुलाने केलाय म्हणून जरा सोसा? तुम्ही माझं नातं बाजूला ठेवा आणि नुसता रस्ता बघा. तो चुकीचा नसेल तर मी याच मुलाच्या पाया पडेन, सगळ्यांदेखत."

माझा आवाज कापला नाही. बसल्यावर मात्र पदराचं टोक पिळत राहिले. मास्तरांनी खिशातली शिट्टी काढली आणि माझ्या मुठीत दिली, धरायला काहीतरी म्हणून. निवृत्त झाले तरी ते शिट्टी खिशात ठेवतात!

बाई म्हणाल्या, "ठीक आहे. रस्ताच बघू. जागेवर जाऊन खोदून बघू."

ठरलेल्या दिवशी सगळी गल्ली बाहेर. खिडक्यांत माणसं, गच्चीवर माणसं. अधिकारी बाई छत्री घेऊन आल्या. ढब्बूचे कामगार पहार-फावडी घेऊन उभे. अभियंत्याने मोठ्या अदबीने बाईंना चौकाच्या कोपऱ्यावर नेलं आणि म्हणाला, "इथे खोदून घेऊ, इथे सोयीचं पडेल."

आमच्या मुलीने तोंड उघडलं, पण त्याआधीच ढब्बू बोलला. अगदी हळू. "इथे नको."

अभियंता म्हणाला, "काय?"

"इथे नको. चौकात खरवडलेलं आहे. मोठे साहेब तिथूनच ये-जा करतात, म्हणून तेवढं खरवडलं होतं." मग तो चालत आला. अक्का, सगळी गल्ली ओलांडून चालत आला आणि माझ्या फाटकासमोर थांबला. "इथे खोदा."

कामगार जागचे हलेनात. मालकाविरुद्ध पहार कोण मारणार? तेव्हा त्याने एकाच्या हातातून पहार घेतली आणि स्वतः मारायला लागला. त्या इस्त्रीच्या शर्टात. डांबर चिवट असतं, लवकर सुटत नाही. नुसता पहारेचा आवाज. खड्डा झाला, तसे एकाखाली एक थर दिसायला लागले. वर नवा काळा कुळकुळीत, त्याखाली जुना राखाडी, आणि जुन्यावरचा पांढरा पट्टा जसाच्या तसा, कालच रंगवल्यासारखा. त्याखाली आणखी जुना. अधिकारी बाईंनी वाकून पाहिलं. म्हणाल्या, "खरवडलं असतं तर हा पट्टा राहिला असता का?"

अभियंत्याने नुसता घसा साफ केला.

"खरवडलं नाही," ढब्बू म्हणाला. "वरून टाकलं. माझं काम आहे, मी सांगतो."

गच्चीवरून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मास्तर लहान मुलासारखे हसत होते. आमची वकीलीण माझ्या गळ्यात पडली. तोच तर क्षण होता ना, ज्याच्यासाठी एवढी यातायात केली? आणि मला काय वाटत होतं सांगू? डोक्यावर ऊन, टोपी नाही, पाठ घामाने भिजलेली. त्याच्या हातातली पहार काढून घ्यावी आणि त्याला सावलीत बसवावं, एवढंच वाटत होतं. पण मी जागची हलले नाही. मी गेले असते तर तो पुन्हा "सिस्टरचा मुलगा" झाला असता. त्या घडीला तो स्वतःच्या पायावर उभा होता, त्याला तसंच उभं राहू दिलं.

तो कोणाशी न बोलता गाडीत बसून निघून गेला. त्यानंतर हुकूम येईपर्यंत त्याचा फोन नाही, माझाही नाही.

आता तुला काय बोलायचं ते बोल. शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण जिंकल्याबद्दल माफी मागणार नाही.

तुझी,
धाकटी


६ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

तुझं पत्र उघडायला मी दोन दिवस घाबरले. शेवटी मास्तरीणबाईंच्या पलंगाशी बसून उघडलं. आणि तू काय लिहिलंस? "बरं केलंस. माझ्या हाताखाली वाढलेला पोरगा खोटं काम करतो म्हणजे कान मी उपटायला हवे होते, तू उपटलेस." आणि मग चार पानं पायाच्या सुजेबद्दल! मी हसत सुटले ते थांबेना, आणि मास्तरीणबाईही हसल्या. त्यांना एका बाजूनेच हसता येतं, पण हसल्या.

तू त्यालाही पत्र पाठवलंस म्हणे. काय लिहिलंस ते त्याने सांगितलं नाही. "मावशीने चांगलंच झापलं" एवढंच म्हणाला, पण म्हणताना चेहरा उजळला होता.

काम पुरं झालं. मोठं मशीन आलं, घरघर करत जुने थर सोलून काढले, ट्रक भरभरून नेले. माझ्या पायऱ्या आधी एक, मग दुसरी, अशा जमिनीतून वर आल्या. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. शिंपीणही आली. "सिस्टर, तेव्हा मी सही द्यायला हवी होती," म्हणाली. मी म्हटलं, "पुढच्या वेळी दे." माझा बांध मीच गवंडी लावून काढला. आता त्याची गरज नाही. दातांच्या डॉक्टरचा दवाखाना आता पहिल्यासारखा उंचावर गेला, गाडी दारात लागत नाही, म्हणून त्याला उतार बांधून घ्यायचा आहे. परवा कुंपणापाशी आला, फार गोड आवाजात विचारतो, "सिस्टर, तो उतार थोडा रस्त्यावर आला तर अतिक्रमण होईल का हो?" मी म्हटलं, "डॉक्टर, अर्ज करा. वॉर्ड ऑफिसातला बाबू फार प्रेमाने उत्तर देतो."

ढब्बू रोज कामावर हजर असायचा. घरात यायचा नाही. मी बोलावलं नाही, कामाच्या वेळी बोलावू नये. रोलर फिरून झाला तेव्हा फाटकाशी आला आणि म्हणाला, "आई, बादलीभर पाणी दे. ढाळ बघायचाय."

मी पाणी दिलं. त्याने माझ्या दारासमोर ओतलं. पाणी क्षणभर थबकलं आणि मग सरळ पलीकडच्या गटाराकडे निघालं. तो उकिडवा बसून बघत होता. लहानपणी मुंग्यांची रांग बघायचा तसा.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

मग मास्तरांच्या दारासमोर ओतलं. तिथून दर घरासमोर. शेवटी गल्लीतले सगळे आपापल्या बादल्या घेऊन आले. वकीलीण तर वरच्या मजल्यावरून मगाने पाणी फेकत होती. मास्तर शिट्टी वाजवून एकेकाला सोडत होते, जणू शर्यतच आहे. सगळं पाणी गटाराकडे. सगळं! एक थेंब कोणाच्या उंबऱ्याकडे वळला नाही. आणि गेल्या आठवड्यात अवेळी धो धो पाऊस आला, तेव्हा मी दार सताड उघडं टाकून बैठकीत बसले आणि पाणी समोरून जाताना पाहिलं. मास्तरांनी पलंगाखालच्या विटा काढून टाकल्या आहेत. घर विकायचं नावही घेत नाहीत.

सगळं अगदी गोड झालं असं समजू नकोस. ढब्बूला या कामात चांगलीच खोट बसली आहे, दुसरं एक काम हातचं गेलं. बाकीचे ठेकेदार त्याला चिडवतात, "आईला घाबरतो." तो त्यांना म्हणाला, "तुम्हीही घाबरा. तिची पुढची तारीख कोणाच्या नावाची असेल सांगता येत नाही." हे मला सुनेने सांगितलं. माझ्याशी अजून तो मोकळेपणाने बोलत नाही, माझ्याकडे जेवताना मान खाली घालून जेवतो. पण जेवतो. आणि नव्या कामात मशीन आधी मागवलं आहे, हेही सूनच म्हणाली.

आणि खरंच अक्का, पुढची तारीख आहे. मागच्या गल्लीतल्या लोकांचं गटार बुजवून कोणीतरी वर दुकान काढलं आहे. ते सगळे रविवारी माझ्या ओट्यावर आले होते. वकीलीण वही-पेन्सिल घेऊन बसली, मी चहा केला. मला विचारतात, "सिस्टर, आपण यात जिंकू का?" या वयात माझ्याकडे कोणी अशा आशेने बघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. गुडघा दुखतो, पण वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या आता जरा कमी उंच वाटतात.

पाय बरे झाले की इकडे ये. ढब्बू तुला घ्यायला येईल, त्याने स्वतःहून सांगितलं आहे. आलीस की त्याचे लाड कर, मी अडवणार नाही. ते तुझं खातं.

सगळ्या कागदांवर माझं नाव "अर्जदार" आणि त्याचं "प्रतिवादी क्रमांक दोन" असं लिहून लिहून आमच्या मुलीचं पेन झिजलं. आता ते प्रकरण बंद झालं आहे, तेव्हा या वेळी खाली पूर्ण सही करते.

तुझी धाकटी,
आणि मान ताठ ठेवून,
ढब्बूची आई